घरात कुणी अचानक गेलंय का?

वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षापर्यंत मला सगळे वेंधळी म्हणायचे. घरी आई म्हणायची, शाळेत बाई म्हणायच्या, पुढे ऑफिसातही तेच. मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक आहे, म्हणजे लोकांच्या जमिनी मोजून देते. या कामात वेंधळेपणा चालत नाही. तरी मी तो सतरा वर्षं चालवला, तिप्पट कष्ट करून. प्रत्येक आकडा चार वेळा तपासायचा, घरी आल्यावर पुन्हा आठवायचा आणि तरीही कुठेतरी काहीतरी राहायचंच.

एकदा कोरेगाव तालुक्यातल्या एका गावात दोन भावांच्या बांधाची मोजणी होती. मी शेजारच्या गटाचा नकाशा उघडून खुणा दाखवल्या. धाकट्यानं त्याच दिवशी दगड रोवले. दुसऱ्या दिवशी थोरल्यानं ते उपटले आणि दोघं एकमेकांच्या अंगावर गेले. प्रकरण पोलिसांपर्यंत गेलं. चूक माझी होती हे मी लेखी कबूल केलं, फेरमोजणी केली, नोटीस घेतली. आमचे साहेब भला माणूस. ते म्हणाले, "तुम्ही कामचुकार नाही हे मला माहीत आहे. पण तुमचं लक्ष जातं कुठं? एकदा दाखवून घ्या."

मी सांगलीला दाखवलं. सातारा जवळ होतं, पण साताऱ्यात मानसोपचाराच्या दवाखान्याच्या बाकावर कुणीतरी ओळखीचं भेटणार, याची मला खात्री होती. रहिमतपूर स्टेशनवरून गाडीत बसलं की सांगलीला थेट उतरता येतं. आईला सांगितलं, खात्याचं प्रशिक्षण आहे.

डॉक्टर बाई माझ्याच वयाच्या होत्या. त्यांनी शाळेची प्रगतिपुस्तकं मागवली, आईशी फोनवर बोलायची परवानगी मागितली (त्यामुळे प्रशिक्षणाची थाप तिथेच उघडी पडली), आणि तीन भेटींनंतर सांगितलं की मला एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा विकार आहे, लहानपणापासून आहे. गोळी सुरू करता येईल, पण ती उत्तेजक वर्गातली आहे, म्हणून आधी काही गोष्टी बघाव्या लागतील. बीपी बघितलं, नाडी मोजली, वजन घेतलं. मग वही पुढे ओढून विचारलं, "छातीत कधी दुखलं? चक्कर येऊन पडलाय? घरात कुणी अचानक गेलंय का, तरुणपणी? हृदयाचं काही?"

मी नाही म्हटलं. वडील अर्धांगवायूनं गेले, सत्तरीला टेकल्यावर. ते सांगितलं.

धाकटे काका मला त्या वेळी आठवले नाहीत असं नाही. आठवले. ते फौजेत होते, सुट्टीवर आले असताना तेहेतिसाव्या वर्षी गेले. मी तेव्हा तेरा वर्षांची होते. पण आमच्या घरात ते ऊन लागून गेले होते. ऊन लागणं हा काही हृदयाचा आजार नव्हे, म्हणून मी ते बोलले नाही. एका वाक्याचं काम होतं.

बाईंनी कागदाच्या मागच्या बाजूला स्वतःच्या अक्षरात सूचना लिहून दिल्या आणि प्रत्येक ओळ मला वाचून दाखवली. गोळी सकाळी, खाऊन झाल्यावर. अख्खी गिळायची, फोडायची नाही, कारण ती दिवसभर हळूहळू विरघळते आणि फोडली तर सगळं औषध एकदम अंगात जातं. कामाचा ताण आहे म्हणून जास्तीची घ्यायची नाही. चहा-कॉफी कमी. सर्दीखोकल्याचं औषध विचारल्याशिवाय नको, त्यातली काही बीपी वाढवतात. छातीत धडधडलं, दुखलं, चक्कर आली तर गोळी थांबवून फोन करायचा. गोळ्या कुलपात ठेवायच्या. शेवटच्या ओळीखाली त्यांनी रेघ मारली होती: दुसऱ्या कुणालाही द्यायची नाही, एकही नाही.

"लोक मागतात," त्या म्हणाल्या. "तुम्हाला बरं वाटायला लागलं की मागतील."

ही गोळी सगळीकडे मिळत नाही. सांगलीतला एकच मेडिकलवाला ठेवायचा. तो चिठ्ठीची एक प्रत स्वतःकडे ठेवून घ्यायचा, रजिस्टरवर माझी सही घ्यायचा आणि एका महिन्याच्याच गोळ्या द्यायचा. मला ते जरा अपमानाचं वाटलं होतं.

गोळीनं काय झालं ते सांगते. पहिल्या सोमवारी मी टेबलाशी बसले, एक नकाशा काढला, आणि तो पुरा होईपर्यंत मी उठलेच नाही. डोक्यात सतत चालू असलेला बाजार उठला होता. दुपारी मला रडू आलं, म्हणून मी जिन्यात जाऊन उभी राहिले. इतर माणसं रोज अशीच काम करत असतील तर मग मी इतकी वर्षं काय ओढत होते, हे मनात आलं.

भूक मात्र गेली. आईनं थापलेली भाकरी तशीच राहायची. ती म्हणायची, "कसलं आवशिद म्हणायचं हे? माणूस वाळाय लागलं." दोन महिन्यांत वजन साडेतीन किलोनं उतरलं. बाईंनी सकाळी भरपेट खायला आणि संध्याकाळी गोळीचा असर उतरल्यावर पुन्हा जेवायला सांगितलं. ते जमलं. कधीकधी जिना चढताना छातीत फडफड व्हायची. ती मी चहावर ढकलली आणि बाईंना सांगितली नाही. सांगितली तर गोळी बंद करतील, ही भीती होती.

आता भाचीबद्दल. माझा थोरला भाऊ रहिमतपुरापासून जवळच आमच्या गावी शेती करतो. त्याची मुलगी कराडला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती, होस्टेलवर राहायची. घरात माझ्या आजाराबद्दल जिच्याशी मी मोकळेपणानं बोलले होते ती तीच. परीक्षेच्या आधी एका रविवारी ती आमच्याकडे आली आणि जेवताना म्हणाली, "आत्ती, आमच्या होस्टेलला मुली ह्याच गोळ्या शोधत असतात. दे की मला दोन. एकच पेपर जड आहे."

मी नाही म्हटलं. तिनं पुन्हा मागितल्या नाहीत. भांडी घासली, आजीचे पाय चेपले, आणि निघायच्या वेळी दारात चपला घालताना एवढंच म्हणाली, "तुला तर किती फरक पडला."

मी आत गेले, कपाट उघडलं आणि दोन गोळ्या कागदात गुंडाळून तिच्या हातात दिल्या. बाईंच्या सूचनांचा कागद त्याच कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला होता. दार उघडताना तो डोळ्यांसमोरून गेला. मला वाटलं, मला हिच्या वयात मिळाली असती तर. मी तिच्यासाठी काहीतरी चांगलं करते आहे, असंच मला त्या क्षणी वाटत होतं.

फेब्रुवारीत मला सर्दी झाली. त्याच आठवड्यात रखडलेल्या दोन मोजण्या एका दिवसात घ्यायच्या होत्या. पहिली बागायतातली, दुसरी माळाच्या उतारावरची. सकाळची गोळी घेतली होती. नाक चोंदलं म्हणून वाटेतल्या मेडिकलमधून सर्दीची गोळी घेतली. अकरा वाजता पहिलं काम संपलं तेव्हा अंग जड वाटत होतं आणि दुसरं काम किचकट होतं, म्हणून पर्समधली, सकाळच्याच औषधाची आणखी एक गोळी घेतली. तोवर चार चहा झाले होते, कारण मोजणीला गेलेल्या माणसाला चहा दिल्याशिवाय कुणी सोडत नाही. पाणी किती प्यायले ते आठवत नाही.

मोजणीचं यंत्र एका काठीवर बसवलेलं असतं. ती काठी घेऊन मी माळाची चढण चढत होते. बरोबर आमच्या ऑफिसचे शिपाई होते, निवृत्तीला आलेले. छातीत पाखरू अडकल्यासारखं झालं. मी थांबून काठी सरळ धरली, आकाश पांढरं झालं, आणि त्यानंतर मला शिपायांचा आवाज ऐकू आला.

"मॅडम! आवं मॅडम, डोळं उघडा! पानी आना रं कुनीतरी!"

मी कुसळात पडले होते. यंत्र शिपायांनी पडताना झेललं होतं, मला झेलता आलं नव्हतं, याचं त्यांना नंतर किती दिवस वाईट वाटत होतं. शेतमालकानं त्याच्या गाडीतून कोरेगावला दवाखान्यात नेलं. बीपी खूप वाढलेलं होतं. ईसीजी काढला. तिथल्या तरुण डॉक्टरनं विचारलं, "काही औषधं चालू आहेत?" मी सर्दीची गोळी सांगितली. तो ईसीजीचा कागद उजेडात धरून बघत राहिला आणि म्हणाला, "मॅडम, नीट आठवून सांगा. हे मला नुसत्या सर्दीच्या गोळीचं वाटत नाही."

मग सगळं सांगितलं. शिपाई पायाशी उभे होते. ऑफिसात हे कळणार, हे मला तेव्हाही सुचलं. पण ते कुणाला बोलले नाहीत.

त्या डॉक्टरनंच सांगलीला फोन लावून दिला. बाई माझ्यावर चिडल्या नाहीत. त्यांनी ईसीजीचा फोटो मागवला, उत्तेजक गोळी त्या क्षणापासून बंद केली, सर्दीचीही बंद. संध्याकाळपर्यंत तिथंच निजून राहायला सांगितलं. मग म्हणाल्या, "मी तुम्हाला पहिल्या दिवशी एक प्रश्न विचारला होता, तोच परत विचारते. घरात कुणी तरुणपणी गेलंय का? कारण काहीही सांगितलेलं असू दे. अपघात, बुडून, ऊन, काहीही."

मी म्हटलं, "धाकटे काका. पण ते ऊन लागून."

"वय?"

"तेहेतीस."

"ऊन लागलं असं कुणी सांगितलं?"

"घरच्यांनी."

"त्या वेळी त्यांच्याजवळ कोण होतं?"

याचं उत्तर मला माहीत होतं. काकी होती.

काका गेल्यावर ती आमच्या घरातून निघून गेली. तिचं माहेर कवठे महांकाळचं. मूल नव्हतं. आमचे आजोबा सगळ्यांसमोर म्हणाले होते की भर उन्हात नवऱ्याला विहिरीच्या कामाला हिनंच लावलं. ती काहीच बोलली नाही, आणि बोलली नाही म्हणजे खरंच असणार असं सगळ्यांनी धरलं. पुढे ती अंगणवाडीत लागली. लग्नकार्याची पत्रिका तिला जायची, ती यायची नाही. मी तिला शेवटचं बघितलं त्याला बारा वर्षं झाली होती.

दुसऱ्या दिवशी भाऊ मला सांगलीला सोडून आला. बाईंनी हृदयविकाराच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली, नंबर लागला दोन दिवसांनी. मधल्या दिवशी मी सांगलीतल्या मैत्रिणीकडे राहणार होते. तिला सोबत घेऊन कवठे महांकाळच्या एसटीत बसले. बाईंनी जास्त हिंडायला मना केलं होतं, पण त्या माहितीची गरज त्यांनाच होती.

काकी दारातच रजिस्टर घेऊन बसली होती, पोरांच्या वजनांचे आकडे भरत. केस सगळे पांढरे. तिनं मला आधी ओळखलं नाही, मग ओळखलं आणि चष्मा काढला.

"आगं बया, तू? घरात समदी बरी हाईत न्हवं?"

मी सांगितलं, बरी आहेत, मी चक्कर येऊन पडले होते, डॉक्टर घरातलं विचारतायत. काका कसे गेले, एवढं सांग. उन्हानंच का?

तिनं रजिस्टर मिटलं. माझ्या मैत्रिणीलाच चहा टाकायला आत पाठवलं, आणि मग बोलली.

"ऊन कसलं लागतंय? सकाळचं सात वाजलं हुतं. रोज पळायला जायाचा, फौजेची सवय. पळून आला, अंगणात बूट काढाय वाकला, त्यो तसाच पडला. मी पानी घिऊन येस्तवर संपलं हुतं. आदल्या दिशी हिरीवर काम केल्यालं, म्हणून गावचा डॉक्टर म्हणला, ऊन लागलं आसंल. मामंजींनी त्येच धरलं."

"मग तू का नाही बोललीस?"

"मला कुनी इचारलं? सांगितलं, तू मारलास म्हणून." तिनं चष्मा पदरानं पुसला. "आन् मला बोलाय येत न्हवतं. त्येनं शपथ घातलीती. आधी दोनदा पडला हुता. एकदा तिकडं, पल्टनीत, पळताना. कुनी बघायच्या आत उठला. एकदा हितं, माज्या म्हायरच्या दारात, मोळी उचलताना. मला म्हणला, कुनाला बोलू नगंस, कळलं तर कॅटेगरी लागंल, अनफिट ठरवून घरी बसवत्याल. मी न्हाई बोलले. त्यो जित्ता हुता तवाबी न्हाई, मेल्यावरबी न्हाई."

अठ्ठावीस वर्षं. मी तिचा हात धरायला गेले, तर तिनं माझाच धरला आणि मनगटावर बोट ठेवून नाडी बघायला लागली, अंगणवाडीत शिकवतात तशी. "तुजं ठोकं नीट पडत्यात का गं?"

तिच्या ओट्यावर बसून आधी मला स्वतःचं काही सुचलं नाही. भाची सुचली. माझ्यात आणि काकांच्यात जे आलं असेल ते माझ्या भावातही असू शकत होतं, आणि त्याच्याकडून तिच्यात. आणि तिला मी हातानं दोन गोळ्या दिल्या होत्या.

मी तिथूनच फोन लावला. "त्या गोळ्या घेतल्यास?"

"एक घेतली. एक रूममेटला दिली."

"काय झालं घेतल्यावर?"

"धडधडत होतं खूप. झोप लागली नाही. पेपर पण असाच गेला, आत्ती, मी एकाच प्रश्नावर तासभर बसले. का?"

मी तिला सगळं सांगितलं. तपासणी होईपर्यंत पळायचं नाही, बॅडमिंटन नाही, असली गोळी पुन्हा कुणाकडूनही नाही. रूममेटला फोन द्यायला सांगून तिलाही विचारलं. तिला काही झालं नव्हतं, नुसता दिवसभर हात कापत होता म्हणाली. तिच्या घरचं काय आहे ते मला माहीत नव्हतं, आणि गोळी देताना मी भाचीच्या घरचं, म्हणजे माझ्याच घरचं, काय आहे तेही माहीत करून घेतलं नव्हतं. मी त्या मुलीची माफी मागितली. ती म्हणाली, "राहू द्या ना काकू, मीच मागितली होती."

इको झाला. अंधाऱ्या खोलीत डॉक्टर पडद्यावर माझं हृदय बराच वेळ मोजत होते. मोजणाऱ्याचं मोजण्याकडे कसं लक्ष असतं ते मला कळतं, त्यामुळे ते काहीतरी दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा मोजत आहेत हे मला समजलं. हृदयाच्या दोन कप्प्यांमधला पडदा जाड होता. "फार नाही," ते म्हणाले, "पण आहे. आणि काकांची हकीकत बघता हे घराण्यातलं आहे असंच धरून चालायचं. रक्ताच्या सगळ्यांनी तपासून घ्या." उत्तेजक गोळी कायमची बंद. चढणीवर पळापळ नाही, उन्हात उपाशी फिरणं नाही, वर्षातून एकदा इको.

मी तिथून तशीच बाईंकडे गेले आणि राहिलेलं सगळं कबूल केलं: जिन्यावरची फडफड, अकराची जास्तीची गोळी, भाची. त्यांनी मधे तोडलं नाही. शेवटी म्हणाल्या, "जास्तीची गोळी, सर्दीचं औषध आणि चार चहा, हे एका दिवशी चांगल्या हृदयालाही जड जातं. तुमचं तर आधीच दमलेलं होतं. फडफड मला सांगितली असतीत तर तेव्हाच ईसीजी काढला असता." मग स्वतःबद्दल म्हणाल्या, "मीही प्रश्न नीट विचारला नाही. आजार विचारला. माणसं विचारायला हवी होती." उरलेल्या गोळ्या त्यांनी मेडिकलमध्ये परत द्यायला सांगितल्या. मेडिकलवाल्यानं त्या माझ्यासमोर मोजल्या, नोंद केली आणि पुन्हा सही घेतली. या वेळी मला त्यात अपमान वाटला नाही.

गोळी गेल्याचं दुःख मला झालं, ते लपवत नाही. जीव वाचला म्हणून खूश असायला हवं होतं, आणि मी पंधरा दिवस माणूस गेल्यासारखी बसून होते. तीन महिने मला जे मिळालं होतं ते खरं होतं. ज्यांना ती गोळी चालते त्यांनी ती नीट घ्यावी, असंच मला आजही वाटतं. मला ती चालत नव्हती.

भाऊ तपासणीला तयार होईना. "मला काय झालंय? शंभर किलोची मोळी उचलतोय मी. ऊस तुटायला लागलाय, कारखान्याची गाडी उभी हाय, आन् मी फोटू काढत बसू व्हय?" मी बोलले, वहिनी बोलली. त्यानं आमचं दोघींचं ऐकून घेतलं आणि शेतात निघून गेला.

काकीला मी हे फोनवर सहज सांगितलं होतं. पुढच्या रविवारी ती एसटीनं रहिमतपुरात आली, तिथून रिक्षा करून थेट गावी, आमच्या जुन्या अंगणात. माझी आई तेव्हा तिथेच होती. दोघी जावा एकमेकींकडे बघत उभ्या राहिल्या. आई म्हणाली, "उन्हाची आलीस. आत ये." काकी आत गेली नाही. तिनं भावाला अंगणात बोलावलं.

"हितं पडला तुजा चुलता," ती बोटानं जागा दाखवून म्हणाली. "तुज्यापरास धडधाकट हुता. त्यालाबी काय झालं न्हवतं. मी गप बसले, त्यो गेला. आता मी गप बसनार न्हाई. चल, कापडं घाल."

भाऊ कपडे घालायला आत गेला. आईनं पदर तोंडाला लावला. तिला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं की काका सकाळी गेले. ती त्या दिवशी माहेरी होती, आणि घरी आल्यावर जे सांगितलं गेलं तेच तिनंही पुढे सांगितलं होतं, मलासुद्धा.

कराडला तपासणी झाली, बाप आणि लेकीची एकाच सकाळी. मी आणि काकी बाहेर बाकावर. भाचीचं हृदय साफ निघालं. तरी काही वर्षांनी परत बघायला सांगितलंय, कारण हे उशिराही दिसू शकतं. भावाचा पडदा माझ्यापेक्षा बराच जाड होता. डॉक्टरांनी विचारलं, दम लागतो का? तो म्हणाला, न्हाई. भाची म्हणाली, "पप्पा, खरं सांगा." मग त्यानं सांगितलं की मागच्या दोन हंगामांत मोळी टाकल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते, म्हणून तो ट्रॉलीला टेकून उभा राहतो आणि तंबाखू मळतोय असं दाखवतो.

त्याला रोजची गोळी सुरू झाली, वजन उचलणं बंद झालं. पहिले दोन महिने तो सगळ्यांवर खेकसत होता. बांधावर उभं राहून दुसऱ्यांना मोळ्या उचलताना बघणं त्याला जमत नव्हतं. आता जमतं. काकी त्याला दर रविवारी फोन करते आणि गोळी घेतली का एवढंच विचारते. तो "व्हय काकी" म्हणून फोन ठेवतो.

मी मोजणीलाच आहे. साहेबांना मी स्वतः सगळं सांगितलं, आजारही आणि हृदयही. डोंगराकडच्या मोजण्या आता दुसरे भूकरमापक घेतात, त्यांच्या नकाशांची तपासणी मी करते. माझे नकाशे ते तपासतात. बाईंकडे मी अजून जाते. गोळीशिवाय लक्ष कसं बांधायचं ते त्या शिकवतात: गजर, वेळेचे तुकडे, एका वेळी टेबलावर एकच फाइल. गोळीइतकं ते चालत नाही. गेल्या महिन्यात मी एका उताऱ्यावरचं क्षेत्र उलटं लिहिलं, चौतीसचे त्रेचाळीस आर. समोरच्या टेबलावरून सहकाऱ्यानं कागद परत सरकवला आणि आकड्यावर पेन्सिलीनं गोल केला. मी खोडून बरोबर लिहिलं आणि पुढची फाइल घेतली.